हसण्यावारी

शनिवार, रात्रीचे नऊ, डॉन्कास्टर.
पडद्यावर एक नवरदेव
चर्चमध्ये "हो" म्हणता म्हणता झोपतो.
मग केकमध्ये तोंड. मग सासूच्या मांडीवर.
दर पडण्याला हशा,
कुठल्याशा हॉलमध्ये बसलेल्या
आपल्याला न दिसणाऱ्या माणसांचा.

सुनीती रिमोट शोधते.
रिमोट उशीखाली आहे,
उशी ऋजुताच्या मानेखाली.

आमच्या घरी विनोदाचे नियम आहेत.
सांगायच्या आधी बघायचं, ती बसली आहे ना.
हातात चहा असेल तर थांबायचं.
जिन्यात कुणाची नक्कल करायची नाही.
नागपूरचा मेहुणा फोनवर आधी विचारतो,
"पोरगी टेकली का? मग ऐका."
सगळं हसण्यावारी न्यावं भाऊजी, असंही म्हणतो
आणि जीभ चावतो.

कारण ती हसली की
आधी हनुवटी सुटते, मग मान, मग गुडघे,
खुंटीवरून ओढणी घसरावी तशी.
आपण किती सहज म्हणतो,
हसून हसून मुरकुंडी वळली.
आमच्याकडे हा वाक्प्रचार नाही.
पंधरा सेकंद असतात, कधी चाळीस.
मी घड्याळ बघतो.

सोमवारी शाळेत, जेवणाच्या सुट्टीत
तीन मुलं एकदम टेबलावर कोसळली, घोरत.
एकाने योगर्टमध्ये नाक घातलं.
हे तिने सांगितलं नाही.
शेजारच्या मॉरीनच्या नातवाने सांगितलं,
कुंपणावरून, माफी मागितल्यासारखं,
आणि सांगताना त्याला थोडं हसू आलंच.

म्हणून मी चॅनेलला पत्र लिहिलं.
डेपोतल्या रात्रपाळीत, दोन लॉऱ्यांच्या मधल्या वेळात,
पार्सलच्या खोक्यावर कागद ठेवून.
मला दिवसा झोप लागत नाही,
माझ्या मुलीला दिवसा जाग राहत नाही,
हे लिहिलं आणि खोडलं.
वाटलं, यालाही हसतील.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चार ओळी.
आपल्या भावना दुखावल्या असल्यास.
असल्यास.

मी ते तिला वाचून दाखवलं, तावातावाने.
ती मोज्याचं भोक बोटाने मोठं करत होती.
म्हणाली, बाबा, तो पडताना डोळे मिटतो.
मी झोपत नाही रे तेव्हा. मला सगळं ऐकू येतं.
मागच्या दिवाळीत, लीड्सच्या त्या हॉलमध्ये
फराळाच्या टेबलापाशी पडले होते ना मी?
तू लोकांना म्हणालास, जागरण झालंय, अभ्यास करते फार.
आई म्हणाली, कुठे बोलू नका हं, पुढे लग्नाचं बघायचंय.
माझा गाल चकलीच्या ताटाला टेकला होता.
मी ऐकत होते.
टीव्हीवाले निदान नाव तरी घेतात.

सुनीती उठून आत गेली.
नळ सोडल्याचा आवाज आला,
भांडी तर सगळी घासलेली होती.

पुढच्या शनिवारी ऋजुतानेच टीव्ही लावला.
गालिच्यावर बसली, दोन्ही बाजूंना उशा.
नवरदेव या वेळी बोटीतून पडला,
ताठ, लाकडाच्या ओंडक्यासारखा.
"चूक!" ती ओरडली. "गुडघे आधी जातात!
शिकवा रे कुणीतरी याला!"
आणि उभी राहून दाखवायला गेली
आणि स्वतःच्याच नकलेला हसली.

हनुवटी. मान. गुडघे.

सुनीतीने डोकं वरच्या वर झेललं.
पडद्यात हॉल हसतो आहे,
तिच्यासाठी नव्हे, पण वेळ नेमकी जुळली.
मला हसू आलं. खरंच आलं,
आणि मी ते कुठे ठेवू, कळेना.

सतरा. अठरा.
तिचे डोळे अर्धे उघडे, छताकडे.
ती ऐकते आहे, हे आता मला माहीत आहे.
एकोणीस.
काहीतरी बोलायला हवं.